बेबी मॉनिटर कॅमेरा सात महिने वापरून: बाळाच्या झोपेसाठी घ्यायचा विचार करत असाल तर

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. माझं म्हणणं एका कंपनीबद्दल नाहीच, या प्रकारच्या वस्तूबद्दल आहे, बाजारात असे एकसारखे दिसणारे दहा कॅमेरे आहेत आणि सगळ्यांच्या जाहिरातीत तेच लिहिलंय, आता आई निर्धास्त झोपेल. मी घेतला तो ऑनलाइन ५,९९९ ला पडला, मेमरी कार्ड वेगळं. बाळ चार महिन्यांचं असताना घेतला, आता ते अकरा महिन्यांचं आहे. कॅमेऱ्याला मी पाचपैकी तीन देईन, त्याच्या अ‍ॅपला एक. आणि खाली अजून एका गोष्टीबद्दल लिहिलंय जिला एक पैसा पडत नाही, तिला पूर्ण पाच. ते वाचायला तरी शेवटपर्यंत या.

आधी वस्तूबद्दल. पिक्चर छान आहे, अगदी अंधारातसुद्धा बाळाच्या पापण्या दिसतात इतकं स्पष्ट. स्टँड मजबूत आहे, पाळण्याच्या कठड्याला लावायचा क्लिप मात्र मी वापरला नाही, वायर बाळाच्या हाताला येईल अशी भीती वाटली, भिंतीला लावला आणि वायर पट्टीतून नेली, तुम्हीही तसंच करा. खोलीचं तापमान दाखवतो, नाशिकच्या डिसेंबरात त्याचा उपयोग झाला. बोलायची सोय आहे पण आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, बाळ दचकतं. वायफाय २.४ गिगाहर्ट्झचंच लागतं. लाईट गेली की राउटर बंद आणि मोबाईलवर लाल अक्षरात 'डिव्हाइस ऑफलाइन', तेही रात्री दोनला टुंग करून, म्हणजे राउटर इन्व्हर्टरवर घेतल्याशिवाय याचा काही उपयोग नाही.

अ‍ॅपमध्ये दोन गोष्टी आहेत ज्यासाठी लोक हा घेतात, मीही त्यासाठीच घेतला. एक, बाळाचा आवाज आला की मोबाईल वाजतो. दोन, सकाळी बाळाच्या झोपेचा स्कोअर येतो शंभरपैकी, सोबत आलेख, किती वेळा हालचाल, किती वेळा आवाज. आवाजाची सूचना कमी, मध्यम, जास्त अशी ठेवता येते, पण दर अपडेटनंतर ती आपोआप 'जास्त'वर जाते. कस्टमर केअरला तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा उत्तर आलं की अ‍ॅप काढून परत टाका.

आता खरं काय झालं ते सांगते.

पहिलं बाळंतपण माहेरी, चाळीसगावला. तिथे साडेतीन महिने होते. शेक, धुरी, अळीवाची खीर, डिंकाचे लाडू सगळं झालं, आईने काही कमी केलं नाही. रात्री बाळ उठलं की आई उठायची, मी पाजायचे आणि परत आडवी व्हायचे. मग नाशिकला आलो. नवरा अंबडच्या एमआयडीसीत, शिफ्टची नोकरी, सासूबाईंचे गुडघे गेलेले. घरी प्रेम होतं, कोणी त्रास देणारं नव्हतं, हे आधीच सांगते कारण मला स्वतःला कितीतरी दिवस हेच वाटत राहिलं की सगळं चांगलं असताना मला काय धाड भरलीय. पण रात्र झाली की छातीत धडधड सुरू व्हायची. संध्याकाळी साडेसहाला दिवे लागले की पोटात गोळा. बाळ झोपलं की त्याच्या नाकाजवळ बोट धरून श्वास बघायचा, मग दहा मिनिटांनी परत बघायचा, मग आडवं पडून छताकडे बघत राहायचं. बाळ शांत झोपलेलं असायचं आणि मी जागी असायचे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि बाळ मात्र सगळ्यांच्या तोंडी 'झोपेला वाईट' झालं होतं. रात्री आठ आठ नऊ नऊ वेळा उठतं म्हणून मी सगळ्यांना सांगायचे. दूध पुरत नसेल म्हणून वरचं देऊन बघ झालं, दृष्ट काढून झाली, पोटावर हिंग लावून झाला, राईची उशी बदलून झाली. (डॉक्टरांनी नंतर ती उशीच काढायला लावली, वर्षाच्या आत बाळाला उशी नको, उताणं झोपवायचं, गादी सपाट आणि घट्ट हवी, अंगावर सैल पांघरूण आणि बाजूला खेळणी काही नको. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सूचनाही हेच सांगतात आणि त्यात असंही आहे की घरगुती मॉनिटरच्या भरवशावर राहू नका, त्याने बाळाचा अचानक मृत्यू टळतो याला आधार नाही. हे कॅमेऱ्याच्या खोक्यावर कोणी लिहीत नाही.) मग चुलत नणंदेने हा कॅमेरा सुचवला. मला वाटलं आता मला बघत बसायला नको, मशीन बघेल.

झालं उलटंच. बाळाचा पाळणा माझ्या पलंगापासून दोन फुटांवर आणि मी पलंगावर पडून मोबाईलमध्ये त्याला बघतेय. मोबाईल वाजला की हृदय तोंडात, झटकन उठून त्याला उचलून घ्यायचं, थोपटायचं, पाजायचं, परत ठेवायचं, परत वीस मिनिटांनी वाजला. सकाळी स्कोअर ४१. दुसऱ्या दिवशी ३८. मी ते वहीत लिहून ठेवायचे, शेजारी काय खाल्लं होतं, किती वाजता मालिश झाली, कुठल्या बाजूला पाजलं. ३८ आला की दिवसभर कोणाशी बोलायचे नाही. ६० आला त्या दिवशी भीती वाटली की उद्या परत खाली येणार. नवरा म्हणायचा अगं बंद कर ते, तर मी त्याच्या अंगावर ओरडायचे की तुला बाळाची काळजीच नाही.

मालिशवाल्या मावशी यायच्या त्यांनी एक दिवस सहज म्हटलं. बाळाला न्हाऊ घालून, कुंची घालून माझ्या हातात देताना माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "ताई, तुमचं अंग किती ताठ हाय, लाकडावानी. पोर कसं सैल पडंल तुमच्या हातात?" मला तेव्हा राग आला. आता वाटतं की सात महिन्यांत मला जे जे कळलं ते त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं होतं.

मग क्लिपा. बाळ साडेपाच महिन्यांचं असेल. मी कंपनीकडे रीतसर तक्रार करायची ठरवली, की सूचना खोट्या येतात, आणि त्यासाठी पुरावा म्हणून मेमरी कार्ड लॅपटॉपला लावून एका रात्रीच्या सगळ्या क्लिपा काढायला बसले. रविवार होता, नवरा बाळाला घेऊन गच्चीत गेला होता.

२ वाजून ३८ मिनिटांची क्लिप. बाळ पाळण्यात. पहिल्यांदा पाय पोटाशी घेतले, कुंथल्यासारखा आवाज केला, तोंड वेडंवाकडं झालं, आता रडणार असं वाटतं, एक हात वर गेला, बोटं उघडली, ओठ चोखल्यासारखे हलले. डोळे मिटलेले. पूर्ण मिटलेले. बारा सेकंदांनी तो हात हळूहळू खाली आला आणि चेहरा सैल पडायला लागला. आणि एकोणिसाव्या सेकंदाला चित्रात माझे हात येतात. मी त्याला उचलते. तेव्हा तो डोळे उघडतो. तेव्हा रडतो.

मी ती क्लिप चार वेळा बघितली. मग बाकीच्या बघितल्या. त्या रात्री मी त्याला नऊ वेळा उचललं होतं. त्यातल्या सहा वेळा तो उठलेलाच नव्हता.

हे काय असतं ते मला नंतर कळलं, पण इथेच लिहिते कारण प्रत्येक आईला बाळ घरी न्यायच्या आधी कोणीतरी सांगायला हवं होतं. लहान बाळाची सगळी झोप आपल्यासारखी निवांत नसते. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप हलती असते, त्यात ते कण्हतं, हसतं, हातपाय झाडतं, कधी कधी रडल्यासारखा आवाजही काढतं आणि तरी ते झोपेतच असतं. त्याचं झोपेचं एक चक्र पन्नास साठ मिनिटांचं, आपलं दीड तासाच्या आसपास, म्हणजे बाळ रात्रीत कितीतरी वेळा एका चक्रातून दुसऱ्यात जातं आणि दर सांध्यावर थोडी चुळबुळ होते. तेवढ्यात कोणी हात लावला नाही तर बऱ्याचदा ते आपलं आपण परत आत जातं. आणि ही मशीन नेमकी त्या सांध्यावर वाजते. कुंथण्यातला आणि उठण्यातला फरक तिला कळत नाही, आणि माझी अवस्था तेव्हा अशी होती की मलाही कळत नव्हता, मला प्रत्येक आवाजात संकटच ऐकू यायचं.

नंतर वाचताना एक अभ्यास सापडला तेव्हा अंगावर काटा आला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत डग्लस टेटी आणि त्यांच्या सहकाऱ्याने ४५ कुटुंबांच्या घरात कॅमेरे लावून रात्री काय होतं ते बघितलं, २०१२ साली ते छापून आलं. ज्या आयांमध्ये नैराश्याची लक्षणं जास्त होती आणि बाळाच्या रात्रीच्या गरजांची चिंता जास्त होती त्या, बाळाला काही त्रास नसतानाही, त्याच्याजवळ जात होत्या, उचलत होत्या, आणि त्यात बाळं जागी होत होती. म्हणजे माझी २.३८ ची क्लिप. जगात कुठेतरी दुसऱ्या एका बाईचे हात तसेच चित्रात आले होते, हे वाचून मला पहिल्यांदा वाटलं की मी राक्षसीण नाहीये, हा आजाराचा एक ठरलेला चेहरा आहे.

पण ते नंतर. त्या रविवारी मला एवढंच वाटलं की माझ्या बाळाची झोप मीच मोडते. दुसरं कोणी नाही, मीच. संध्याकाळी मी नवऱ्याला म्हणाले की हा माझ्याशिवाय बरा राहील. तो काही बोलला नाही, बाळाला सासूबाईंकडे दिलं, माझ्याजवळ येऊन बसला आणि विचारलं की म्हणजे काय, नीट सांग. मला नीट सांगता आलं नाही. त्याने मोबाईल काढून १४४१६ लावला आणि स्पीकरवर माझ्यासमोर ठेवला.

तर हा या लेखातला दुसरा रिव्ह्यू. टेली-मानस. सरकारची फोन सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनाला सुरू झाली, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट. आधी भाषा निवडायची, वीस भाषा आहेत, मराठी आहे. मला वाटलं होतं रेकॉर्ड केलेलं काहीतरी ऐकवतील. पलीकडून एक ताई बोलल्या, मराठीत, घाई नव्हती. मला बोलताच येत नव्हतं, नुसतं रडू येत होतं, त्यांनी तेवढा वेळ फोन धरून ठेवला. मग बाळ किती महिन्यांचं, दूध कोणतं, जेवता का, घरी कोण कोण. आणि मग एक प्रश्न विचारला जो तोपर्यंत कोणी विचारला नव्हता, ना डॉक्टर ना घरचे ना मी स्वतः: "बाळ झोपतं तेव्हा तुम्हाला झोप लागते का?"

सगळे विचारायचे बाळ झोपतं का. माझ्याबद्दल कोणी विचारत नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मी म्हणाले असते की बाळच झोपू देत नाही तर मी कशी झोपणार. पण खरं उत्तर 'नाही' होतं. बाळ आईकडे असो, दुपारी दोन तास सलग झोपलेलं असो, माझा डोळा लागत नव्हता. त्यांनी सरळ विचारलं की जीव द्यायचा विचार मनात येतो का, बाळाला काही करावं असं वाटतं का. सरळ विचारल्यामुळे सरळ सांगता आलं, की जीव द्यायचं ठरवलेलं काही नाही पण सकाळी डोळे उघडले नाहीत तर बरं असं वाटतं. त्यांनी घाबरवलं नाही. रात्री मला एकटं ठेवायचं नाही हे नवऱ्याला सांगितलं, आणि दोन दिवसांत मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, सरकारी रुग्णालयातही सोय असते हे सांगितलं. कोणी कुठल्याही गावात असलं, खेड्यात असलं तरी हा नंबर लागतो. मोबाईलमध्ये आत्ताच टाकून ठेवा, नवऱ्याच्या मोबाईलमध्ये पण, कारण ज्या बाईला गरज असते तिच्या हातून तो लावला जाईलच असं नाही.

आम्ही नाशिकमध्येच एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक कागद दिला, दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं ते. एडिंबरा स्केल म्हणतात त्याला, बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला १९८७ साली स्कॉटलंडमध्ये बनवलेला, आता जगभर वापरतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. हसू येण्यासारख्या गोष्टींवर हसू येतं का, काही बिघडलं की स्वतःलाच उगाच दोष देता का, कारण नसताना काळजी किंवा भीती वाटते का, मन इतकं खराब असतं का की झोप लागत नाही. दहावा प्रश्न स्वतःला इजा करायच्या विचाराबद्दल आहे आणि त्याचं उत्तर बाकी बेरीज काहीही असली तरी डॉक्टर वेगळं बघतात. बेरीज जितकी जास्त तितकी नैराश्याची शंका जास्त, माझी १७ आली. पाच मिनिटांचा कागद. माझ्या सहाव्या आठवड्याच्या तपासणीत वजन झालं, टाके बघितले, रक्त तपासलं, बाळाच्या लसी झाल्या, हा कागद कोणी दिला नाही. मला याचा खरंच राग आहे. कारण ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. भारतातले ३८ अभ्यास, वीस हजारांवर बायका, असं एकत्र करून २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आलं होतं की बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण आपल्याकडे सुमारे २२ टक्के आहे. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, तो २००२ चा, बाळंतपणानंतर दीड दोन महिन्यांनी २३ टक्के बायकांना नैराश्य होतं, आणि गरिबी, नवऱ्याची मारहाण, मुलगी झाली हे सगळं ते वाढवत होतं. माझ्याकडे यातलं एकही नव्हतं तरी मला झालं, मग ज्यांच्याकडे हे सगळं आहे त्यांच्या रात्री कशा जात असतील.

बाळंतपणानंतर दहा पंधरा दिवस रडू येणं, चिडचिड, हे खूप जणींना होतं आणि आपलं आपण जातं. दोन आठवडे उलटून गेले आणि तरी चालूच आहे, किंवा मध्ये बरं होतं आणि चौथ्या महिन्यात सुरू झालं, तर ते वेगळं. पहिल्या वर्षात कधीही होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं सव्वा महिना झाला की बाळंतीण सुटली.

मी डॉक्टरांना विचारलं, मग बाळ झोपत नाही म्हणून माझं असं झालं की माझं असं झालं म्हणून बाळ झोपत नाही? ते म्हणाले दोन्ही, आणि कुठून सुरू झालं ते शोधत बसू नका, दोरी कुठल्याही टोकाने सोडवता येते. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला १५६ आयांवर अभ्यास झाला होता, ज्यांची सहा ते बारा महिन्यांची बाळं झोपत नव्हती, त्यांना बाळाच्या झोपेबद्दल नीट मार्गदर्शन केलं तर दोन महिन्यांनी बाळांची झोप सुधारलीच पण ज्या आयांचं मन जास्त खचलेलं होतं त्यांची लक्षणंही कमी झाली. २००२ चा आहे. आणि दुसऱ्या टोकाने टेटींचाच अजून एक, २०१० चा, की झोपवताना आई मनाने बाळाजवळ आहे का, त्याच्या हावभावांना तिचा प्रतिसाद आहे का, यावर बाळाची झोप अवलंबून दिसली. मला हे लगेच पटलं. कारण मी रोज न चुकता आठला न्हाऊ घालून, दिवा मंद करून, अंगाई म्हणून झोपवत होते, सगळं पुस्तकातल्यासारखं, पण तेव्हा माझं लक्ष घड्याळावर आणि मोबाईलवर असायचं, अंगाई म्हणताना मी मनात हिशोब करत असायचे की आता झोपला तर साडेदहाला उठेल. बाळाला ते कळत असणार. शब्दांत नाही, दंडातून कळत असणार, मावशी म्हणाल्या तसं.

इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात तर गरोदरपणातल्या चिंता आणि नैराश्याचा संबंध मूल दीड आणि अडीच वर्षांचं असतानाच्या झोपेशी दिसला होता. ते वाचून मी परत रडले, कारण सातव्या महिन्यात मला रात्र रात्र भीती वाटायची आणि सगळे म्हणायचे पहिलटकरणीला होतंच. पण डॉक्टरांनी समजावलं की संबंध दिसणं म्हणजे तुमच्या बाळाचं नशीब लिहिलं जाणं नाही, कितीतरी आजारी आयांची बाळं छान झोपतात आणि कितीतरी ठणठणीत आयांची बाळं रात्रभर जागवतात, दात येणं, सर्दी, आठव्या नवव्या महिन्यात आई दिसली नाही की घाबरणं, याला आईचं मन कारण नसतं. हे कोणी आईला दोष द्यायला वापरू नका, सासवांनी तर नाहीच नाही.

उपचार काय झाले. गोळी सुरू झाली, अंगावर पाजत असतानाही चालते अशी. अशा गोळ्या आहेत, पण आपल्या मनाने घेऊ नका आणि आपल्या मनाने बंदही करू नका. आठवड्याला एकदा समुपदेशन, आठ वेळा गेले. आणि बालरोगतज्ज्ञांनी बाळाला नीट तपासलं, कान, वजन, लघवी, सगळं बरोबर.

घरात तीन बदल झाले. रात्री दहा ते दोन बाळ नवऱ्याकडे, सेकंड शिफ्ट असली तर बारा ते चार, पाजायचं असेल तरच मला उठवायचं, आणि मी दुसऱ्या खोलीत, मोबाईल बाहेर. डॉक्टर म्हणाले आईला चार तास सलग झोप हे औषधाइतकंच मोठं आहे. पहिले चार दिवस मी त्या खोलीत पडून भिंतीला कान लावत होते. पाचव्या रात्री झोपले. तोंडावर ऊन आल्यासारखी जाग आली, घड्याळात बघितलं तर सव्वातीन, आणि कोणी रडत नव्हतं.

दुसरं, सकाळी सातला बाळाला घेऊन गॅलरीत. मी दिवसभर पडदे लावून बसायचे, बाळाला दिवस कुठला रात्र कुठली हे कळायला उजेड लागतो हे डोक्यातच आलं नव्हतं. सासूबाईंनी ते काम स्वतःकडे घेतलं, खुर्ची टाकून कावळे दाखवत बसतात दोघं.

तिसरं सगळ्यात अवघड होतं. बाळाने आवाज केला की हात पाठीमागे बांधून उभं राहायचं आणि त्याचे डोळे बघायचे. उघडे आहेत का. मिटलेले असतील तर थांबायचं, मनात हळू हळू साठपर्यंत आकडे. खरंच रडला तर लगेच घ्यायचं, त्याला रडत ठेवायचं नाही, ते आम्ही कधीच केलं नाही आणि मला ते नकोच होतं. पहिल्या रात्री मी पंचविसापर्यंत गेले आणि घाम फुटला. समुपदेशक म्हणाल्या पंचवीसही चालेल. काही दिवसांनी साठपर्यंत जायची वेळच येईना, चाळिसाच्या आत त्याचा हात खाली यायचा.

आता अकरा महिन्यांचा आहे, रात्री एकदा दोनदा उठतो, वरचे दात येताना चारदाही उठला. पण तो उठला की मी त्याच्याकडे जाते, धडधड घेऊन जात नाही. गोळी अजून चालू आहे.

आता कॅमेरा घ्यायचा असेल त्यांच्यासाठी. तुमचं घर दुमजली आहे, स्वयंपाकघर लांब आहे, किंवा दिवसा बाळ झोपलेलं असताना अंगणात काम असतं, तर चांगली वस्तू आहे. घेताना एवढं बघा की आवाजाची सूचना पूर्ण बंद करता येते का आणि अपडेटनंतर ती बंदच राहते का, स्कोअर लपवता येतो का, आणि पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, कारण तुमच्या खोलीचं चित्र आहे ते. बाळ तुमच्याच खोलीत झोपत असेल तर रात्रीसाठी घेऊ नका. आणि बाळ झोपलेलं असताना तुम्हालाच झोप लागत नाहीये म्हणून घेत असाल तर ते ५,९९९ बाजूला ठेवा, आधी १४४१६ लावा.

माझ्या वहिनीला आठवा लागलाय, तिने कॅमेरा मागितलाय. देणार आहे, आवाजाची सूचना बंद करून आणि कार्डावरच्या माझ्या क्लिपा तशाच ठेवून, २.३८ ची तिला मीच बसून दाखवणार आहे. आणि भावाला काल फोन करून सांगितलंय की बाळ यायच्या आधी रात्री दहा ते दोनची पाळी कोणाची ते ठरवून टाक, आणि ती तिच्या आईवर ढकलू नकोस.